सर्जनशील शहर आणि त्याचा कारभार : कोल्हापूरच्या निमित्ताने

मराठी भाषा व साहित्याच्या अभ्यासपुस्तिकेत शहराच्या कारभाराविषयीचा लेख पाहून तुम्हांला थोडे नवल वाटेल. महानगरपालिका, तिचे अंदाजपत्रक, भूखंडांवरील आरक्षणे हे विषय राज्यशास्त्राच्या पुस्तकात शोभणारे आहेत, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या संगीत नाटकाचा, शाहिरीचा, चित्रपटाचा आपण ‘संहिता’ म्हणून अभ्यास करतो, त्या संहिता कोठल्या तरी खोलीत वाचल्या गेल्या, कोठल्या तरी रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि त्यांना प्रेक्षक कोठून तरी चालत आला. ती खोली कोणाची होती, तिचे भाडे किती होते, ती रात्री किती वाजेपर्यंत उघडी राहत असे, या प्रश्नांची उत्तरे वाङ्मयेतिहासात क्वचितच सापडतात. प्रस्तुत लेखात मला याच प्रश्नांकडे तुमचे लक्ष वेधावयाचे आहे. त्यांची उत्तरे चुकली तर वाङ्मयेतिहासाचे पुढचे प्रकरण लिहिलेच जात नाही, असे माझे मत आहे.

‘सर्जनशील शहर’ ही संकल्पना गेल्या पाव शतकात जगभर रूढ झाली. चार्ल्स लँड्री यांचा याच नावाचा ग्रंथ २००० मध्ये प्रसिद्ध झाला. रिचर्ड फ्लोरिडा यांनी २००२ मध्ये ‘सर्जनशील वर्गा’चा सिद्धांत मांडला : कलावंत, संशोधक, संगणकतज्ज्ञ, रचनाकार ज्या शहराकडे ओढले जातात, त्या शहराची भरभराट होते. २००४ मध्ये युनेस्कोने सर्जनशील शहरांचे जाळे उभारले. साहित्य, संगीत, चित्रपट, हस्तकला, पाककला अशा क्षेत्रांनुसार त्यात शहरांची निवड होते. आपल्या देशातील जयपूर, वाराणसी, चेन्नई ही शहरे त्यात आहेत. २०१९ मध्ये मुंबईला चित्रपटाचे शहर म्हणून आणि २०२३ मध्ये केरळातील कोझिकोडला साहित्याचे शहर म्हणून मान मिळाला. फ्लोरिडा यांनाच पुढे, २०१७ च्या आपल्या ग्रंथात, अशा शहरांतील वाढती विषमता आणि सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेलेली घरे यांची दखल घ्यावी लागली. एवढी पार्श्वभूमी पुरे. बिरुदांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही, कारण बिरुद मिळाल्याने शहर सर्जनशील होते असा अनुभव नाही.

कोल्हापूर या जाळ्यात नाही. तरीही या विषयासाठी मी मुद्दाम तेच शहर निवडले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेपाच लाख वस्तीच्या या शहराला लोकांनी परस्परच ‘कलापूर’ म्हटले. त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागला नाही.

प्रथम एका शब्दाविषयी थोडे. नगररचनाकार ज्याला इंग्रजीत ‘प्लेसमेकिंग’ म्हणतात, त्याला मराठीत ‘स्थलनिर्मिती’ असा प्रतिशब्द सुचवला जातो. तो मला फारसा पटत नाही. स्थळ निर्माण करावे लागत नाही, ते असतेच. त्याला ओळख मिळवून द्यावी लागते. आपल्या बोलीत ‘जागा’ आणि ‘ठिकाण’ हे दोन शब्द आहेत आणि त्यांतील भेद मार्मिक आहे. जागा मोजता येते, विकता येते, तिचा सात-बारा असतो. ठिकाण मात्र माणसे तेथे पुन्हा पुन्हा येऊन करतात. पार, चावडी, कट्टा, आखाडा ही सारी ठिकाणे अशीच तयार झाली. म्हणून मी ‘ठिकाण घडवणे’ असे म्हणेन. ‘गव्हर्नन्स’साठीही ‘शासनव्यवहार’ या जड शब्दापेक्षा आपला जुना ‘कारभार’ अधिक नेमका आहे, कारण त्यात धोरणाबरोबर दैनंदिन व्यवस्थाही येते : कुलूप कोण उघडते आणि पावती कोण फाडते, हेसुद्धा.

आता कोल्हापूरकडे वळू. या शहरात चित्रपट कसा आला, हे तुम्ही नीट पाहा. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. घर सुतारकाम, कोरीवकाम करणाऱ्यांचे. ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव हे नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. मंडळ्यांचे पडदे हा त्या काळी मोठा व्यवसाय होता. राजवाडा, अरण्य, रस्ता अशी दृश्ये कापडावर खोलीचा भास होईल अशी रंगवावी लागत. पडदा रंगवणाऱ्या हातांना पुढे हलणाऱ्या चित्राची ओढ लागली. आनंदरावांचे १९१६ मध्ये निधन झाले, पण बाबूरावांनी कॅमेरा तयार करण्याचा ध्यास सोडला नाही. परदेशी कॅमेरा विकत घेण्याऐवजी यंत्राचे मर्म समजून घेऊन तो कोल्हापुरातच घडवला गेला. तानीबाई कागलकर यांनी आर्थिक साहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला, ज्यात सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी पडद्यावर दिसला. त्याच कंपनीत व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल यांची उमेदवारी झाली. १९२९ मध्ये त्यांनी इतर सहकाऱ्यांसह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. बोलपटाच्या युगातील ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा प्रभातचा चित्रपट कोल्हापुरातच निर्माण झाला.

या साखळीत सुतार आहे, पडदे रंगवणारा आहे, धातूकाम जाणणारा कारागीर आहे, भांडवल देणारी स्त्री आहे, नाटक मंडळी आहे आणि संस्थानाचे वातावरण आहे. कोणी ‘चित्रपट धोरण’ आखले नव्हते. पण ही सारी माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होती आणि एका कलेचे कसब दुसऱ्या कलेत नेण्यास त्यांना मज्जाव नव्हता. सर्जनशील शहराची माझी व्याख्या विचाराल तर ती एवढीच आहे. काचेच्या इमारती आणि वर्षातून एकदा भरणारे महोत्सव त्यात बसत नाहीत.

येथे तुम्ही म्हणाल की कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराज लाभले होते. खरे आहे. १८९४ ते १९२२ या त्यांच्या कारकिर्दीचा विचार केल्याशिवाय या शहराविषयी बोलताच येत नाही. खाँसाहेब अल्लादिया खाँ त्यांच्या आश्रयाला होते. १९०२ च्या विलायतेच्या प्रवासात त्यांनी युरोपातील रंगभवने आणि रोममधील प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि त्या पाहण्यातून खासबागेचे कुस्तीचे मैदान व त्याला लागून पॅलेस थिएटर उभे राहिले, असे सांगितले जाते. मैदान १९१२ चे, नाट्यगृह १९१५ चे. कुस्ती आणि नाटक पाठीला पाठ लावून उभे करणे ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मराठीत ‘तालीम’ हा शब्द पैलवानाच्या व्यायामशाळेसाठीही वापरतात आणि नाटकाच्या सरावासाठीही. कोल्हापुरात हे दोन्ही अर्थ एका आवारात आले. त्यातही शाहूंनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, विविध जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कलेला आश्रय आणि शिक्षणाला वाट हे दोन वेगळे कार्यक्रम नव्हते. कलावंत कोण होऊ शकतो, हे ज्या समाजात जन्माने ठरत असे, तेथे वसतिगृह हाही सांस्कृतिक धोरणाचाच भाग होता.

तरीही राजाश्रयाच्या आठवणीत रमणे मला घातक वाटते. ‘आता शाहू महाराज नाहीत, म्हणून असे झाले’ हे वाक्य कोल्हापुरात फार सहजपणे उच्चारले जाते आणि ते उच्चारले की जबाबदारी कोणाचीच उरत नाही. राजाची इच्छा हाच ज्याचा आधार, ती व्यवस्था राजाबरोबर संपते. शिवाय राजाश्रय असतानाही गेलेली माणसे परत येतातच असे नाही : प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुण्याला गेली, आणि तिच्या त्या पुण्यातील आवारातच १९६० मध्ये देशाची चित्रपट संस्था सुरू झाली. आज आपल्याला राजाची जागा घेणारी माणसे नकोत, राजाच्या इच्छेची जागा घेणारी व्यवस्था हवी. ती कागदावर आहे काय? आहे. आणि येथेच खरी अडचण सुरू होते.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. तिच्यासोबत राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. त्या अनुसूचीतील अठरा विषयांपैकी एक विषय सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा आहे. म्हणजे पाणी, रस्ते, स्मशानभूमी यांच्याच पंक्तीत संस्कृती बसली. परंतु ती राज्यघटनेतली पंगत. महानगरपालिकांच्या कायद्याचे तुम्ही वाचन कराल, तर त्यात बंधनकारक कर्तव्यांची एक यादी आहे आणि ऐच्छिक कर्तव्यांची दुसरी. पाणी, सांडपाणी, दिवाबत्ती पहिल्या यादीत. ग्रंथालये, संग्रहालये, कलादालने, इतकेच काय पण लोकांसाठी संगीताची सोय, ही दुसऱ्या यादीत. ‘लोकांसाठी संगीत’ हे शब्द कायद्यात वाचून क्षणभर बरे वाटते. नंतर लक्षात येते की ऐच्छिक कर्तव्य न केल्याबद्दल कोणालाही जाब विचारता येत नाही. तिजोरीत पैसा कमी पडला की कात्री प्रथम कोठे लागते, हे सांगावयास नको.

याहून गंभीर बाब अशी की, ही यादी ज्यांनी चालवावयाची ते लोकप्रतिनिधीच दीर्घकाळ अस्तित्वात नव्हते. कोल्हापूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे राज्यघटना सांगते. प्रत्यक्षात पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. महाराष्ट्रातील अन्य कित्येक महापालिकांचीही हीच कथा होती. प्रशासक कार्यक्षम असू शकतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण नगरसेवक नसला की गल्लीतील माणसाला तक्रार नेण्यासाठी दार उरत नाही. सभागृहात प्रश्न विचारला जात नाही, आणि जो प्रश्न विचारला जात नाही त्याचे उत्तर तयार ठेवण्याची यंत्रणेला सवय राहत नाही.

याच काळात, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, शाहू महाराजांचे ते पॅलेस थिएटर जळाले. तोवर ते ‘संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह’ या नावाने ओळखले जात होते आणि महापालिकेच्या ताब्यात होते. केशवराव भोसले हे कोल्हापूरचेच. ‘ललितकलादर्श’चे संस्थापक, मराठी संगीत रंगभूमीवरील तेजस्वी गायक नट. त्यांची जयंती ९ ऑगस्टला असते, म्हणजे आगीनंतर दुसऱ्याच दिवशी. रंगमंच, छत, प्रेक्षागृह यांची राख झाली. दगडी भिंती उरल्या. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी शहरातील कलावंत, तंत्रज्ञ, प्रेक्षक तेथे जमले आणि अनेकांना रडू आवरले नाही. शासनाने नाट्यगृह पूर्वी होते तसेच उभे करण्याची घोषणा केली, निधी जाहीर झाला. हे योग्यच झाले.

परंतु ‘पूर्वी होते तसेच’ या शब्दांपाशी तुम्ही थोडे थांबावे, अशी माझी इच्छा आहे. आगीपूर्वीच्या दशकातच या वास्तूचे मोठा खर्च करून नूतनीकरण झाले होते. म्हणजे पैसा आला नव्हता असे नाही. पैसा मोठ्या कामासाठी येतो : दगडाला, खुर्च्यांना, उद्घाटनाच्या कोनशिलेला. नंतरच्या तीनशे पासष्ट दिवसांसाठी तो येत नाही. विजेच्या तारांची नियमित तपासणी, अग्निशमन यंत्रणेची चाचणी, रात्री आवारात जागा राहणारा माणूस, रंगमंचाची नाडी ओळखणारा कायमस्वरूपी तंत्रज्ञ यांच्यासाठी कोनशिला बसत नाही. या विशिष्ट आगीचे कारण काय, हा तपासाचा विषय आहे आणि त्यावर येथे बोलणे उचित नाही. मी बोलतो आहे ते सर्वत्र दिसणाऱ्या वृत्तीविषयी. तुमच्या तालुक्याच्या गावातील सांस्कृतिक भवनात जाऊन पाहा. ध्वनियंत्रणा उद्घाटनाच्या वर्षीची असेल, नेपथ्याच्या खोलीत मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतील आणि स्त्री-कलावंतांच्या रंगपटातील स्वच्छतागृहाला पाणी नसेल. तसे नसेल तर ते गाव भाग्यवान.

दगड पूर्वीसारखा रचता येतो. त्याचे कसबी कामगार अजून आहेत. प्रश्न आहे तो कारभाराचा. नवे नाट्यगृह पुन्हा महापालिकेच्या एखाद्या विभागाने इतर मालमत्तांप्रमाणे, मंगल कार्यालयासारखे, तारखा वाटून चालवावयाचे का? हौशी संघाला तालमीसाठी ते किती दिवस आणि कोणत्या दराने मिळेल? व्यावसायिक नाटकाचा शनिवार-रविवार आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचा शनिवार-रविवार यांत निवड कोण करील? माझे मत स्पष्ट आहे. नाट्यगृहाची मालकी महापालिकेचीच असावी, कारण सार्वजनिक मालकी गेली की स्वस्त दरही जातात. पण त्याचा दैनंदिन कारभार एका छोट्या समितीकडे असावा. तिच्यात महापालिकेच्या अधिकाऱ्याबरोबर एक पडद्यामागचा कामगार, एक हौशी संघाचा प्रतिनिधी, एक नियमित प्रेक्षक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. समितीचे हिशेब दर तिमाहीस नाट्यगृहाच्या दारावर लावावेत. याला कायद्याची आडकाठी नाही. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे राज्यघटनाच सांगते आणि आपल्या राज्याच्या कायद्याने त्या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद केलेली आहे. जी तरतूद प्रभागासाठी चालते ती नाट्यगृहासाठी न चालण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो : कलावंतांना कारभार जमत नाही, त्यांच्यात गट असतात, समिती म्हणजे भांडणांचा अड्डा. आक्षेप निराधार नाही. पण या शहरात लोकांनी स्वतः चालवलेल्या संस्थांची परंपरा जुनी आहे. गायन समाज देवल क्लबचा प्रारंभ १८८३ चा, म्हणजे पॅलेस थिएटरपेक्षाही तीसहून अधिक वर्षे आधीचा. आणि पेठापेठांतील तालमी? कोल्हापूरची तालीम म्हणजे केवळ व्यायामशाळा नव्हे. पेठेचा गणपती तिचा, फुटबॉलचा संघ तिचा, आजारी माणसाला दवाखान्यात नेणारी पोरे तिची, आणि पूर आला की होड्या काढणारीही तिचीच. पाटाकडील तालीम किंवा दिलबहार तालीम यांचे फुटबॉल सामने शाहू स्टेडियमवर होतात तेव्हा निम्मे शहर तेथे असते. कोणत्याही नगररचनाकाराच्या मदतीशिवाय घडलेली ही ठिकाणे आहेत. भांडणे त्यांच्यातही होतात. तालमी मात्र टिकून आहेत.

तालमींचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र दडवून चालणार नाही. ही ठिकाणे प्रामुख्याने पुरुषांची आहेत. तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेली मुलगी तुम्हांला दिसणार नाही. लोकांनी घडवलेले ठिकाण आपोआप सर्वांचे होत नाही. ज्यांच्या हाती संध्याकाळचा मोकळा वेळ असतो त्यांचे ते होते. म्हणूनच महापालिकेची गरज उरते. रात्री साडेदहाला नाटक सुटल्यावर उपनगराकडे जाणारी बस आहे की नाही, रस्त्यावर दिवे आहेत की नाही, यावर प्रेक्षागृहात स्त्रिया किती बसतील हे ठरते. शेवटच्या बसची वेळ नाट्यगृहाच्या वेळापत्रकाशी जुळवून ठरवावी, अशी मागणी कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. मला ती झुंबर बसवण्यापेक्षा अधिक निकडीची वाटते.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घरकाम सांभाळून ही पदवी घेत आहात. तुम्हांला हा मुद्दा अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अभ्यासकेंद्र घरापासून किती दूर आहे आणि रविवारी ते उघडे असते का, यावर तुमचे शिक्षण कसे अवलंबून आहे ते तुम्ही अनुभवता आहातच.

स्टुडिओंची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती दुःखद असली तरी तिच्यातून निघणारा धडा सोपा आहे. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या दंगलीत जळाला. भालजींनी तो जिद्दीने पुन्हा उभा केला. तोच स्टुडिओ अलीकडच्या काळात जागेच्या विक्रीच्या वादात सापडला. कलावंतांना रस्त्यावर उतरावे लागले. शालिनी सिनेटोन आज आठवणींतच उरला आहे. मोरेवाडीच्या माळावर शासनाने चित्रनगरी स्थापन केली, ती अनेक वर्षे उपेक्षेत पडून राहिली आणि गेल्या काही वर्षांत तिला जाग आली. वारसास्थळांच्या यादीत नाव घातले की आपण निश्चिंत होतो. पण वारसा यादी वास्तूला संरक्षण देते, वापराला देत नाही. भिंती शाबूत ठेवून आत काहीही करता येते, किंवा काहीच न करता त्या पडू देता येतात. विकास आराखड्यात ‘शाळेसाठी’, ‘क्रीडांगणासाठी’ आरक्षण असते, तसे ‘चित्रीकरणासाठी’, ‘तालमीसाठी’, ‘कारागिरांच्या कामासाठी’ असे वापराचे आरक्षण असावे, आणि तो वापर बदलावयाचा झाल्यास जाहीर सुनावणी बंधनकारक असावी.

कारागिरांचा उल्लेख मी ओघात केला नाही. ‘सर्जनशील वर्गा’च्या आधुनिक व्याख्येत संगणकावर चप्पलेचे आरेखन करणारा बसतो, चामड्यावर प्रत्यक्ष वेणी गुंफणारी बाई मात्र बसत नाही. कोल्हापुरी चप्पलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या सोहळ्यात तशाच चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचा उल्लेख नसल्याने गदारोळ झाला. कंपनीने नंतर त्या भारतीय कारागिरीपासून स्फुरल्या असल्याचे मान्य केले. आपला संताप रास्त होता. पण मिलानवर संतापणारे आपण त्याच कारागिराच्या वस्तीतील गटारावर, कच्च्या चामड्याच्या वाढत्या किमतीवर, मुलांनी हा धंदा का सोडला यावर किती बोललो? तीच गोष्ट कुंभारांची. ऑगस्ट २०१९ चा महापूर गणेशोत्सवाच्या तोंडावर आला आणि नदी-नाल्यांकाठच्या कुंभारवस्त्यांतील तयार मूर्तींची माती झाली. पूररेषा कोठे आखली जाते आणि तिच्या आत कोणाला बांधकामाची परवानगी मिळते, हा निर्णय नगररचना विभागात होतो. पण त्याने मूर्तिकाराचे वर्षभराचे सर्जन बुडते. सांस्कृतिक धोरणाच्या कागदपत्रांत पूररेषेचा उल्लेख तुम्हांला आढळणार नाही.

‘आधी खड्डे बुजवा, पंचगंगा स्वच्छ करा, मग नाटक-सिनेमाचे पाहू’ असे म्हणणारे लोक आहेत आणि त्यांना मी अरसिक म्हणणार नाही. घरात पाणी येत नसताना नाट्यगृहावर कोट्यवधी रुपये खर्च होताना पाहणे कोणालाही कठीण जाते. मात्र वरील उदाहरणे पुन्हा पाहिलीत तर लक्षात येईल की मी मागतो आहे त्यांतील बहुतेक गोष्टी खड्ड्यांच्याच जातीच्या आहेत : बस, दिवे, गटार, पूररेषा, तारांची तपासणी. कलेसाठी वेगळा, चकचकीत खर्च मागणारेच उलट या तक्रारीला बळ देतात. सुशोभीकरणाच्या नावाखाली चौकाचौकांत उभारलेली शिल्पे आणि रंगीत दिव्यांच्या कमानी यांविषयी मला आस्था नाही. त्यांतून ठिकाण घडत नाही, छायाचित्र काढण्यापुरती जागा होते.

आता तुमच्या अभ्यासाचा भाग. प्रत्येक महापालिका आणि नगरपालिका आपले वार्षिक अंदाजपत्रक प्रसिद्ध करते. बहुतेक ठिकाणी ते मराठीत असते. ते आपल्या अभ्यासक्रमातील कोणत्याही गद्यापेक्षा रूक्ष आहे, हे मान्य. तरीही आपल्या गावचे अंदाजपत्रक मिळवा. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये साध्या अर्जावर मागा. त्यात नाट्यगृह, वाचनालय, व्यायामशाळा, आठवडा बाजार ही नावे शोधा. प्रत्येक नावासमोर भांडवली खर्च किती आणि देखभाल-दुरुस्तीचा खर्च किती, हे दोन आकडे वेगळे लिहून काढा. मग मागील तीन वर्षांत देखभालीसाठी तरतूद केलेल्या रकमेपैकी प्रत्यक्षात किती खर्च झाली, तो स्तंभ पाहा. त्या ठिकाणी एका संध्याकाळी स्वतः जा, भाड्याचा दरफलक उतरवून घ्या, तेथील शिपायाशी आणि पडदा ओढणाऱ्याशी बोला, आणि गेल्या वर्षभरात तेथे तालीम घेतलेल्या एखाद्या संघाला विचारा की जागा कशी मिळाली, किती दिवस आधी मागावी लागली, ऐन वेळी रद्द झाली का. हे सारे आपल्या शब्दांत, तीन-चार पानांत लिहा. त्याची एक प्रत अभ्यासकेंद्रात द्या आणि दुसरी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला, पोच घेऊन.